थेंबाचं यंत्र

रापणीच्या जाळ्याचा दोर ओढता ओढता बाबली तांडेल वाळूत बसला तेव्हा बाकीच्यांना वाटलं, याची कंबर धरली. कंबर त्याची नेहमीच धरायची. पण बसल्या बसल्या तो पुढे वाकला आणि भडाभडा ओकला. कोकमाच्या आगळासारखं काळपट लाल. लाट आली आणि ते घेऊन गेली, पण बघायचं ते सगळ्यांनी बघितलं होतं. दोर सोडून चौघांनी त्याला उचललं. त्या दिवशी जाळ्यातले निम्मे बांगडे निसटले, पण कोणी ब्र काढला नाही.

दोन हजार चार सालची गोष्ट. दिवाळी नुकतीच सरली होती. बाबलीची बायको गोदूबाई मालवणच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसली होती, तिथेच टेम्पो थांबला आणि कोणीतरी तिला हाक मारली. पाटी शेजारणीच्या हवाली करून ती चढली. नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं तर कपाळ गार आणि घामाने ओलंचिंब.

"कधीपासून असा होता?" तिने विचारलं.

"ओकारी आजच," बाबली म्हणाला. "पण परसाकडे डांबरासारखा काळा होय होता. तुका कशाक सांगू?"

मालवणच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि सांगितलं, इथे थांबू नका, हायवेजवळच्या धर्मादाय हॉस्पिटलात दुर्बिणीची सोय आहे, तिकडे न्या.

तिथे डॉक्टर निकेत होता. वय तिशीच्या जरा पुढे, मूळचा देवगडकडच्या मिठबावचा. मुंबईत शिकून परत आलेला. त्याने बाबलीच्या घशातून दुर्बीण घातली, पोटात बघितलं, आणि आतल्या आतच इंजेक्शन देऊन वाहणारं रक्त थांबवलं. मग हात धुऊन तो बाहेर व्हरांड्यात आला.

"पोटात जखम आहे, मावशी. अल्सर. तळाशी रक्ताची नळी उघडी पडलीय. आत्ता थांबवलंय. हे कसल्या गोळ्या घ्यायचे का?"

"कंबरेची गोळी," गोदूबाई म्हणाली. "ती घेतल्याबिगर उठाकच येय नाय. मीच दितंय सकाळची, कोऱ्या चायवांगडा."

"रिकाम्या पोटी?"

"समुद्रार जाताना कोण जेवन जाता?"

"त्या गोळ्यांनीच ही जखम झालीय," निकेत म्हणाला. रोज कोणाला ना कोणाला सांगावं लागे तसंच त्याने हे सांगितलं. मग त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि घाईघाईने म्हणाला, "तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. दुकानात मागितली की मिळते."

गोदूबाईने पदराचा बोळा केला आणि तोंडावर धरला.

निकेत तिच्या बाजूला बाकावर बसला. अजून एक बोलायचं होतं. जखमेवर रक्ताची खपली धरते, त्याने समजावलं, पण पोटातलं ॲसिड ती खपली विरघळवतं आणि रक्त पुन्हा सुरू होऊ शकतं. म्हणून ॲसिड थांबवायचं औषध शिरेतून द्यायचं. ते द्यायच्या दोन रीती आहेत. एक, यंत्राने थेंब थेंब, तीन दिवस अखंड, भरपूर मात्रेत. दुसरी, सकाळ-संध्याकाळ एकेक इंजेक्शन. त्यात औषध खूप कमी जातं.

"कुठल्या रीतीने जास्त माणसं बरी होतात, त्याचा आम्ही अभ्यास करतोय. तुमची हरकत नसेल तर यांनाही त्यात घेऊ. बंद लिफाफा उघडायचा, त्यात निघेल तो उपचार."

गोदूबाईने मान वर केली. "खंयचा बरा, ता तुमका ठावक नाय?"

"नाही."

"तुमी डाक्टर ना?"

"म्हणूनच खरं सांगतोय. कोणालाच नक्की माहीत नाही. नको म्हणालात तरी उपचार होणारच. तसं काही मनात आणू नका."

त्याच्या खरेपणाचीच तिला भीती वाटली. इतकी वर्षं तिने डॉक्टर पाहिले ते सगळं माहीत असल्यासारखे बोलणारे. पण नको म्हणायचा तिला धीर झाला नाही. तिने सही केली. लिफाफा उघडला. यंत्र निघालं.

खाटेशेजारच्या दांड्याला एक लहानशी पेटी अडकवली. तिच्यावर हिरवा दिवा लुकलुकायचा आणि औषधाचा थेंब न चुकता पडायचा. गोदूबाईला एकदम हलकं वाटलं. माणूस विसरतो, झोपतो, घरी जातो. यंत्राचं तसं नाही. भारनियमनात वीज गेली तेव्हा ते किंचाळल्यासारखं वाजलं आणि ती धडपडत उठली. नर्सने सांगितलं, आतल्या बॅटरीवर चालू आहे. तरी वीज येईपर्यंत ती थेंबाकडे डोळे लावून उभीच राहिली.

पलीकडच्या खाटेवर वालावलचा धोंडू परब होता. भातशेतीवाला, बोलायला मोजका. त्यालाही तसलाच अल्सर, तसंच दुर्बिणीने रक्त थांबवलेलं. त्याच्या लिफाफ्यात इंजेक्शन निघालं होतं. सोबत मुलगी दिव्या, कुडाळच्या कॉलेजात शिकणारी. आई नव्हती, बापाला ती एकटीच. नर्स इंजेक्शन देऊन गेली की ती बाबलीच्या यंत्राकडे बघत बसायची. शेवटी तिच्याने राहवेना. राउंडला आलेल्या निकेतला तिने दारातच गाठलं.

"डॉक्टर, माझ्या वडलांना पण यंत्र लावा."

"त्यांचा लिफाफा इंजेक्शनचा निघालाय."

"म्हणजे माझ्या बाबांचं काय करायचं ते चिठ्ठीने ठरवलं तुम्ही?"

"हो. कारण मला ठरवता येत नाही. एक रीत चांगली, एक वाईट असं माहीत असतं तर मी चिठ्ठी काढली नसती."

"मग आजवर काय देत होता?"

निकेत जरा घुटमळला. "मोठ्या शहरांत यंत्र लावतात. पुस्तकातही तेच आहे. पण यंत्रं सगळीकडे नसतात, आणि इंजेक्शनवरही माणसं बरी होतात. म्हणून तर—"

"म्हणजे यंत्रच चांगलं."

"पुस्तकात आहे म्हणजे सिद्ध झालंय असं नाही. तुम्हाला अभ्यासातून नाव काढायचं असेल तर आत्ता काढतो."

"मग यंत्र लावाल?"

"हॉस्पिटलात यंत्रं दोनच आहेत. दोन्ही चालू आहेत."

दिव्या पाय आपटत व्हरांड्यात गेली. गोदूबाईने सगळं ऐकलं होतं. तिला त्या पोरीची कीव आली आणि त्या किवेबरोबर, लपवून ठेवावं असं थोडं बरंही वाटलं. उभ्या जन्मात पहिल्यांदाच कोणाला तरी तिच्या वाट्याला आलेलं हवं होतं. मग त्या बरं वाटण्याचीच तिला लाज वाटली. ती उठून निकेतच्या मागे गेली.

"डाक्टरांनू, एक सांगू? आमचा यंत्र अर्धो दीस तेंका लावा. आमच्या ह्येंका आता बरा आसा."

निकेत हसला, पण लगेच त्याचं हसू मावळलं. "असं करता येत नाही, मावशी. मग दोघांनाही धड काही मिळणार नाही."

दिव्या पाठमोरी उभी होती. ती वळली ती डोळे पुसतच. गोदूबाईने तिला बाकावर बसवलं, डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला. "खा गो बाय. कालपासून उपाशी आसंस. बापाशीच्या आधी तूच आडवी पडशीत." दिव्याने तो तुकडा घेतला. त्यानंतर दोघी एकमेकींच्या माणसाकडे बघू लागल्या. एक आंघोळीला गेली की दुसरी दोन्ही खाटा सांभाळायची.

बाबलीच्या अंगात हळूहळू धग आली. रापणीतली माणसं येऊन रक्त देऊन गेली. तो पेजेचं पाणी प्यायला, मग मऊ भात मागू लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोला म्हणाला, "ह्या यंत्र घराक घेवन जावया. रातभर जागा ऱ्हवता आणि तुझ्यापेक्षा कमी बडबड करता."

गोदूबाई इतक्या मोठ्याने हसली की नर्सने वळून बघितलं. धोंडूही गालात हसला. निकेतने नाडी बघितली, पोट दाबून बघितलं आणि सांगितलं, संध्याकाळी यंत्र काढू, पुढे गोळ्यांवर ठेवू.

दुपारी गोदूबाई मागच्या नळावर नवऱ्याचा टॉवेल धूत होती. दिव्या धावत आली. "मावशी, येवा! बेगीन येवा!"

बाबली खाटेवर उठून बसला होता. चेहरा चुन्यासारखा पांढरा. अंगावरची चादर छातीपासून लाल झाली होती, आता ते काळपटही नव्हतं, ताजं होतं. शेजारी पेटीचा हिरवा दिवा चालूच होता. थेंब पडतच होता.

निकेतने पुन्हा दुर्बीण घातली. आत नुसतं रक्तच रक्त. जखम कुठे ते दिसेना. दोनदा त्याने अंदाजाने इंजेक्शन मारलं, थांबलं नाही. आता पोट उघडून शिवण्यावाचून गत नव्हती, आणि ती सोय गोव्यालाच होती. अँब्युलन्समध्ये निकेत स्वतः चढला. बाबलीच्या दोन्ही हातांना रक्ताच्या पिशव्या लावलेल्या, त्यातली एक तो मुठीत दाबत होता, लवकर जावी म्हणून.

सावंतवाडी मागे पडली. बाबलीने डोळे उघडले.

"गोदू, वारो खंयचो आसा?"

खिडक्या बंद होत्या. वारा कुठला ते तिला काय कळणार? पण माणसाने विचारलंय, तर काहीतरी सांगावं.

"मतलई," ती म्हणाली.

मतलई म्हणजे जमिनीकडून समुद्रावर जाणारा, पहाटेचा वारा.

"भर दुपारचो मतलई?" बाबली पुटपुटला आणि त्याने डोळे मिटले. आपण मरणाऱ्या माणसाशी खोटं बोललो आणि त्याला ते कळलं, हे गोदूबाईच्या काळजाला लागलं. काहीतरी खरं बोलावं म्हणून ती शब्द शोधू लागली. ते सापडायच्या आत निकेतने पिशवी सोडली आणि दोन्ही तळहात बाबलीच्या छातीवर दाबायला सुरुवात केली. गाडी बांद्याच्या अलीकडे होती. बराच वेळ तो दाबत राहिला. मग थांबला.

ड्रायव्हरने गाडी एका वडाखाली घेतली आणि विचारलं, "मागे फिरवू?"

"डाक्टरांनू," गोदूबाई म्हणाली. ती रडत नव्हती. "दुसरा औषध दिला असता, त्या इंजेक्शन, तर ह्ये वाचले असते?"

हॉस्पिटलात निकेत कायम शुद्ध मराठीत बोलायचा. आत्ता ते त्याच्या तोंडातून येईना.

"माका ठावक नाय, मावशे," तो म्हणाला.

धोंडू परब बरा होऊन आपल्या पायांनी वालावलला गेला.

दिवसकार्य उरकल्यावर दिव्या तारकर्लीला गोदूबाईच्या घरी आली. पिशवीत नवे पोहे आणि चार नारळ होते. गोदूबाई ओटीवर बसली होती. दिव्याने पिशवी खाली ठेवली आणि ती पायरीपाशीच उभी राहिली.

"बापूस जेवता मा?" गोदूबाईने विचारलं.

"जेवता."

"शेतात जाता?"

"आता जावक लागलो."

"बरा झाला." आणि मग, तिच्याकडे न बघता, "तुका एक सांगतंय, रागाव नको. परत येव नको. तू चांगला चेडू. पण तुका बघलंय काय माका तुझो बापूस दिसता, चलत जाताना."

"मावशी, मीच तुमच्या यंत्रावर डोळो ठेवलेलो..."

"तसा नाय गो. यंत्रान कायच केला नाय. डोळ्यान तरी काय होतला?"

दिव्या गेली. गोदूबाईने ते पोहे शेजारी देऊन टाकले.

वर्षं गेली. गोदूबाईची लेक सुगंधा लग्न होऊन देवबागला होती. ती घेऊन जायला यायची, पण गोदूबाई घर सोडायला तयार नसायची. बाजारात बसणं तिने सोडलं. किनाऱ्यावर रापणी कमी झाल्या आणि पर्यटकांच्या लॉज वाढल्या. त्यातल्याच परशुरामच्या लॉजवर ती मासे साफ करायला जायची. कामापुरतं बोलायची. गोळीची गोष्ट ती कधीच कोणाशी बोलली नाही. सकाळी चहा उकळायला ठेवला की तिचा हात आपोआप गोळ्यांच्या फळीकडे जायचा, आणि तो तसा जातो म्हणून तिने एक दिवस ती फळीच उपटून चुलीत घातली.

पण मनात एक जागा तिने स्वतःसाठी ठेवली होती. तिथे लिफाफ्यातून इंजेक्शन निघालं होतं. तिथे बाबली धोंडूसारखा आपल्या पायांनी घरी आला होता. कंबर धरून कुरकुरत रापणीवर जात होता. सुगंधाला मूल झालं तेव्हा तो तिथे ते मूल खांद्यावर घेऊन वाळूत फिरला. त्याच्या कानांवरचे केस पांढरे झाले, पुढचा एक दात पडला. मासे खवलताना गोदूबाई त्याच्याशी मनातल्या मनात भांडायची सुद्धा. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं, आणि कोणी विचारतही नव्हतं.

दोन हजार नऊच्या हिवाळ्यात निकेत तारकर्लीला आला. घर विचारत विचारत लॉजच्या मागच्या पडवीत पोचला. गोदूबाई विळीवर बसून कोळंबी सोलत होती. तिने त्याला ओळखलं. उठली, हात धुतले, स्टूल पुसून दिलं.

त्याचं वजन वाढलं होतं, कपाळ मागे सरलं होतं. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर तो म्हणाला, "मावशी, तो आमचा अभ्यास पूर्ण झाला. पुष्कळ माणसं झाली त्यात. मला वाटलं, तुम्हाला स्वतः येऊन सांगावं."

ती ऐकत होती.

"दोन्ही रीती सारख्याच निघाल्या. यंत्रावरची जितकी माणसं वाचली तितकीच इंजेक्शनवरची. जितकी यंत्रावर गेली, तितकीच इंजेक्शनवर. काही फरक नाही." तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना, म्हणून तो पुढे बोलत राहिला. "त्या दिवशी गाडीत तुम्ही विचारलं होतं. मला तेव्हा सांगता आलं नाही. ते माझ्या डोक्यातून गेलं नाही कधी. आमच्या अभ्यासावरून तरी असंच दिसतं, की चिठ्ठीमुळे ते गेले नाहीत. दुसरी निघाली असती, तरी बहुतेक हेच झालं असतं. तुमच्या मनावर ते ओझं राहू नये म्हणून..."

गोदूबाई कोळंबीच्या टोपलीकडे बघत होती.

"म्हणजे तो थंय पण मेलो असतो," ती म्हणाली.

"कुठे?"

"त्या दुसऱ्या चिठ्येत."

"बहुतेक, हो."

पडवीपलीकडे पर्यटकांची पोरं चेंडू खेळत होती, चेंडू माडावर आपटायचा आणि ती ओरडायची.

"डाक्टरांनू, इतकी वर्सां माझो घोव थंयसर जितो होतो," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तेका म्हातारपण इला होता. नातवाक खेळय होतो. मी रोज बघी होतंय तेका. हयसर एकदा मेलो तो मेलो. आज तुमी थंय जावन मारलास तेका."

निकेत उठून उभा राहिला. त्याचे हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. "मावशी, मला वाटलं, याने तुम्हाला—"

"तुमचो दोष नाय. तुमी खरा सांगूक इलास. पयलाय खराच सांगलास." ती पुन्हा विळीवर बसली. "जावा आता. माझा काम ऱ्हवलाहा."

निकेत गेला. फाटकाशी थांबून त्याने मागे बघितलं, तेव्हा ती कोळंबी सोलत नव्हती. सोललेल्या कोळंब्या एकेक करून परत टोपलीत टाकत होती.

त्यानंतर तिने त्या जागेत जाऊन बघितलं. पुन्हा पुन्हा जाऊन बघितलं. नवरा घरी येण्याआधीच गाडी वडाखाली थांबायची. नातू खांद्यावर घेतलेला बाबली आठवावा म्हटलं तर नातू दिसायचा, खांदा दिसायचा नाही. केस पांढरे झाले होते की नव्हते, तेही तिला सांगता येईना. पाचसहा दिवसांनी ती लॉजवर गेली नाही. परशुरामची बायको बघायला आली तर ही आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली, चूल थंड, दार सताड उघडं.

सुगंधा येऊन तिला देवबागला घेऊन गेली. या खेपेला गोदूबाई नाही म्हणाली नाही. ताट पुढे ठेवलं तर जेवायची, आंघोळीला पाणी काढलं तर उठायची. संध्याकाळी लेक तिला पुढच्या अंगणात खुर्चीवर बसवायची. तिथून एका बाजूला समुद्र दिसतो, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि होड्या दोन्हीकडून येत-जात असतात.

"आये, खंय बघतंस गो?" सुगंधाने एकदा विचारलं.

"खंयच नाय," गोदूबाई म्हणाली.